दुसऱ्या ठोक्याला उडालेलं काडतूस

हे मी आजवर तोंडातून काढलेलं नाही. वृंदाला, म्हणजे बायकोला, तर नाहीच — तिला कळलं असतं तर तिने दुसऱ्याच दिवशी मला निजामुद्दीनला नेऊन साताऱ्याकडे जाणाऱ्या गाडीत बसवलं असतं, आणि मी बसलो नसतो तर स्वतः गेली असती. मुलाला नाही. ऑफिसातल्या कुणाला नाही. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही आणि आपली समोरासमोर गाठ पडायची शक्यता नाही, म्हणून असेल. हे काही धीट माणसाचं कारण नव्हे. पण खरं आहे.

निवृत्तीनंतर आम्ही गाझियाबादला राहायला आलो. सोसायटीच्या बागेत सकाळी फिरताना लोक विचारतात, "जोगलेकरजी, आप किस डिपार्टमेंट में थे?" मी म्हणतो, क्वालिटी का काम था. लोकांना वाटतं सिमेंट, पाइप, वायरी, असं काहीतरी. मी त्यांची समजूत दुरुस्त करत नाही. खरं म्हणजे मी काडतुसं तपासायचो. कोणत्या कारखान्याची घ्यावीत आणि कोणती घेऊ नयेत, हे सरकारला सांगायचं माझं काम होतं. ते मी फार चोख करतो अशी माझी ख्याती होती, आणि ती ख्याती सगळ्यांच्या कानावर जात राहील याचीही काळजी मीच घ्यायचो.

बघा, किती आडबाजूने चाललोय. मुद्द्यावर येतो.

एका केंद्रीय दलासाठी — नाव घेत नाही, दलाचा यात दोष नाही — कार्बाईनची काडतुसं निवडायची होती. कार्बाईन म्हणजे आखूड नळीची, भराभर गोळ्या झाडणारी हातातली बंदूक. घोडा दाबून धरला की मॅगझीन बघता बघता रिकामं होतं, म्हणून तिचा सराव महाग पडतो. जुन्या ठिकाणाहून येणारा माल उत्तम होता, पण भाव चढा आणि पुरवठा कायम उशिरा. त्यामुळे जवान वर्षातून एकदा रेंजवर जायचे, मोजक्या गोळ्या झाडायचे आणि परत यायचे. ज्या हत्याराच्या भरवशावर माणसाने पहारा द्यायचा, त्या हत्याराशी त्याची धड ओळखसुद्धा नाही? मला याचा राग यायचा. तो राग खरा होता. पण राग खरा असला म्हणून त्यातून निघालेलं सगळंच खरं असतं थोडंच?

मी एक नवा कारखाना शोधून काढला. भाव कमी, माल वेळेवर द्यायची तयारी. नमुने मागवले. ते गारठवून झाडले, तापवून झाडले, भिजवून झाडले. एकही अडलं नाही. मीटिंगमध्ये एकाने शंका काढली की कारखाना नवा आहे, नमुन्याला चांगला माल सगळेच देतात, मोठ्या पुरवठ्यात भरवसा कुणी द्यायचा? मी टेबलावर हात आपटला — स्वभावच तसा आहे माझा — आणि म्हणालो, भरवसा मी देतो. निर्णय झाला. पेट्यांवर पेट्या आल्या, जवानांचा सराव वाढला, वरून मला बोलावून कौतुक झालं. तेव्हा आम्ही आर. के. पुरमला सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. त्या महिन्यांत मी बसस्टॉपवरसुद्धा जरा ताठच उभा राहत असेन.

आता मोहिते. मोहित्यांबद्दल लिहायचं म्हणून तर बसलो, आणि इतका वेळ स्वतःबद्दलच बोलत राहिलो.

हवालदार विलास मोहिते त्या दलाच्या ट्रेनिंग सेंटरवर आर्मरर होते. म्हणजे तिथली सगळी हत्यारं साफ ठेवणं, दुरुस्त करणं, रेंजवर नेणं आणि मोजून परत आणणं ही त्यांची जबाबदारी. सेंटर गुडगावच्या पलीकडे, अरवलीच्या उजाड टेकड्यांत. मोहिते मूळचे साताऱ्यातल्या खटावकडचे. पहिल्या भेटीत माझं आडनाव कळल्याबरोबर ते हिंदीवरून मराठीवर आले आणि म्हणाले, "सर, मेसचा चहा नको. घरी चला." जवानांच्या लायनीतल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये त्यांच्या बायकोने, संगीताताईंनी, चहाबरोबर शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी पुढे केली. धाकटी मुलगी श्रुती दारातूनच म्हणाली, "पप्पा, सर के लिए पाणी आणू का?"

"मराठीत बोल की गं," मोहिते म्हणाले.

"मराठीतच तर बोलली मी."

मोहिते हसले, पण त्यांना ते जरा लागलं होतं. मला मात्र पोरगी आवडली. त्यानंतर सेंटरवर काम निघालं की मी त्यांच्याकडे जेवूनच परतायचो. कार्बाईनींबद्दल ते बोलायचे ते मास्तरने वर्गातल्या पोरांबद्दल बोलावं तसं: ही जरा हट्टी आहे, ही गुणाची, हिला थंडी सोसत नाही. हत्यारांच्या खोलीत त्यांचा केवढा मान होता. कमांडंटसुद्धा आत शिरताना विचारून शिरायचे.

थंडी सुरू झाली आणि सेंटरवरून तक्रार आली. राउंड, म्हणजे काडतुसं, उडत नाहीत. सगळे नाहीत, मधूनमधून. घोडा दाबला की आत लोखंडाचा ठोका ऐकू येतो आणि पुढे काहीच नाही.

अशा वेळी दोष हत्याराचा की काडतुसाचा, हे ठरवायचा रेंजवर एक जुना रिवाज आहे. न उडालेलं काडतूस बाहेर काढायचं, दुसऱ्या कार्बाईनमध्ये घालायचं आणि पुन्हा झाडायचं. उडालं, तर काडतूस चांगलं आणि पहिली कार्बाईन सदोष. नाही उडालं, तर काडतूस खराब. सोपा न्याय, कुणालाही पटेल असा. मोहित्यांचाही त्याच्यावर पुरता विश्वास होता. नोकरीभर त्यांनी याच न्यायाने हत्यारं पारखली होती, आणि तो न्याय आता आपल्यावर उलटेल असं त्यांच्या मनातही नव्हतं.

मला बोलावलं गेलं. मी गेलो. धुकं इतकं होतं की टार्गेटं दिसेपर्यंत सगळे चहा पीत उभे राहिले. कमांडंट रोहतककडचे, सरळ माणूस, बोलणं मोठ्याने. मोहित्यांनी सतरंजीवर कार्बाईनी ओळीने मांडल्या होत्या. फायरिंग सुरू झालं आणि थोड्याच वेळात पहिलं काडतूस अडलं. मोहित्यांनी ते काढलं, शेजारच्या कार्बाईनमध्ये घातलं, झाडलं. उडालं. पुढचं अडलं. दुसऱ्या कार्बाईनमध्ये घातलं. उडालं. असं प्रत्येक वेळी. उडालं की तिथे उभी असलेली सगळी माणसं मोहित्यांकडे बघायची. मोहिते त्या पहिल्या कार्बाईनकडे बघायचे — आपलं घरचं माणूस चारचौघांत खोटं बोललं की आपण बघतो ना, तसं.

मी काय करत होतो?

मी हातमोजा काढला, पेटीतून एक काडतूस उचललं आणि त्याच्या बुडावरून अंगठा फिरवला. बुडाच्या मध्यभागी एक छोटी टोपी बसवलेली असते. ठोका तिच्यावर बसतो, ती पेटते आणि तिच्यामुळे दारू पेटते. ती टोपी बुडाशी सपाट हवी, किंबहुना किंचित आत. माझ्या अंगठ्याला ती वर आलेली लागली. डोळ्यांना कदाचित दिसलीही नसती. दुसरं उचललं, ते चांगलं होतं. तिसऱ्याची पुन्हा वर. म्हणजे पहिला ठोका टोपी आत ढकलण्यातच संपत होता, आणि एकदा ती आत बसली की दुसऱ्या ठोक्याला पेटत होती. दुसरी कार्बाईन पहिलीपेक्षा चांगली होती म्हणून नव्हे. ती दुसरी होती, एवढ्याचसाठी. तेच काडतूस पहिल्याच कार्बाईनमध्ये पुन्हा घातलं असतं तरी उडालं असतं. हे करून दाखवायला किती वेळ लागला असता? हातातला चहा निवायच्या आत झालं असतं.

मला हे तिथे, त्या क्षणी, पूर्ण कळलं होतं. नंतर घरी गेल्यावर विचार करताना उलगडलं, असं काही नाही. मी तसं लिहू शकलो असतो. तसं नव्हतं.

कमांडंट माझ्याकडे वळले. "जोगलेकर साहब, आप बताइए. ॲम्युनिशन में तो कोई गड़बड़ नहीं?"

त्या मीटिंगमध्ये टेबलावर आपटलेला माझा हात मला आठवला. शंका काढणारा तो अधिकारी आठवला — तो आता कसा हसेल तेही दिसलं. आणि मी म्हणालो, "ॲम्युनिशन बिल्कुल ठीक है. वेपन दिखवा लीजिए."

हातातलं काडतूस मी पेटीत परत ठेवलं. मोहिते माझ्या मागेच उभे होते. त्यांनी टाचा जुळवून म्हटलं, "जी सर."

हेच ते. एवढंच. इतकी वर्षं जे छातीवर घेऊन फिरतोय ते एक वाक्य, तेही धड मराठीत नाही.

पण इथे थांबलो तर निम्मंच सांगितलं असं होईल. निघताना मोहिते जीपपर्यंत आले. इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "सर, माझं कुठं चुकलं असंल?" समजा, याच जागी मी म्हणालो असतो की मोहिते, तुमचं काही चुकलेलं नाही — तर? माणूस निदान रात्री नीट झोपला तरी असता. मी त्यांना समजावून सांगितलं की स्प्रिंगा ढिल्या पडतात, थंडीत ग्रीस घट्ट होतं, ठोका हलका बसतो. सगळं शास्त्रशुद्ध. माझं बोलणं मऊ होतं, खांद्यावर हातसुद्धा ठेवला. मोहित्यांनी मान डोलावली. पुढचे कित्येक दिवस त्यांनी त्या सगळ्या कार्बाईनी उघडल्या, धुतल्या, स्प्रिंगा बदलल्या, पुन्हा जोडल्या. काडतुसं अर्थातच अडत राहिली.

त्या दिवसांत हीच काडतुसं भरून कुणी कुठे पहाऱ्यावर उभा होता का? मी चौकशी केली नाही. उत्तराची भीती होती, म्हणून केली नाही. कुठे काही घडल्याचं कानावर आलं नाही, पण त्यात माझी काहीच करामत नव्हती.

आणि मग मी जे केलं त्याला मी त्या वेळी मनातल्या मनात शहाणपणा म्हणत होतो. कारखान्याच्या मुख्य इंजिनिअरला फोन केला आणि अधिकृत काही न करता बजावलं की टोप्या नीट बसत नाहीत, मशीन लावून घ्या, पुढच्या मालात एकही असं दिसता कामा नये. तो घाबरला होता, त्याने लगेच लावून घेतलं. पुढच्या पेट्या निर्दोष आल्या. मला वाटलं, सुटलो. जवानांचं नुकसान टळलं, सरकारचं टळलं, माझी अब्रू राहिली.

मधल्या काळात सेंटरवर काय झालं? मोहित्यांच्या हातून हत्यारं काढून घेतली आणि त्यांच्या जागी दुसरा आर्मरर आणला. तो आला आणि पाठोपाठ माझ्या चांगल्या पेट्या आल्या. काडतुसं अडायची थांबली. आता सांगा, यापेक्षा पक्का पुरावा कुठला? माणूस बदलला, दोष गेला. सेंटरवर ज्या थोड्या लोकांना मोहित्यांबद्दल खात्री होती त्यांनाही पटलं. मोहित्यांना स्वतःला पटलं. मी गुपचूप केलेल्या दुरुस्तीने त्यांच्यावरचा आरोप शाबीत केला.

हे मला फोन करताना सुचलं नव्हतं, असं लिहिणार होतो. सुचलं होतं. आर्मरर बदलणार हे मला आधीच कळलेलं होतं.

मोहित्यांची बढती व्हायची होती ती राहिली. त्यांना मेसच्या स्टोअरवर टाकलं. पुढे एकदा सेंटरवर गेलो तेव्हा बटाट्याच्या गोण्यांपाशी दिसले. त्यांनी सॅल्यूट केला, मी मान हलवली आणि घाई असल्यासारखा पुढे गेलो. त्या दिवशी जेवायला मी ऑफिसर्स मेसमध्ये थांबलो. यथावकाश ते हवालदार म्हणूनच निवृत्त झाले आणि गावी गेले. मला वाटलं, संपलं.

दोनेक वर्षांपूर्वी वृंदाला थालीपीठ खायची लहर आली म्हणून आम्ही कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आपल्या राज्याच्या सदनात गेलो होतो. कँटीनमध्ये हात धुऊन वळतो तर समोर मोहिते. केस पांढरे, अंगाने बारीक झालेले. बरोबर संगीताताई आणि श्रुती — तिला दिल्लीत नोकरी लागली होती, तिला पोचवायला दोघं आली होती. टाळायला जागाच नव्हती. वृंदाने सगळ्यांना आमच्या टेबलावर बसवून घेतलं आणि दोन मिनिटांत संगीताताईंशी तिची गट्टी जमली.

मोहिते मुलीला म्हणाले, "हे जोगळेकर सर. ओळखलंस का? आपल्याकडं यायचे." मग माझ्याकडे बघत, अगदी मनापासून म्हणाले, "माझ्या हातून कामात मोठी चूक झाली होती बघ. बाकी सगळे ओरडले. सरांनी मात्र बाजूला घेऊन, खांद्यावर हात ठेवून, नीट समजावून सांगितलं. एवढा मोठा अधिकारी, पण माणसाला माणूस म्हणून वागवलं."

श्रुतीने वाकून माझ्या पायाला हात लावला. मी लावू दिला.

संगीताताई वृंदाला सांगत होत्या की ह्यांना आधी सगळं जमायचं, लायनीतले पंखे, मिक्सर, शिलाईची मशिनं, लोक आणून द्यायचे. "आता घरचा मिक्सर बिघडला तर बाजारात नेतात, ताई. उघडतसुद्धा नाहीत. म्हणतात, माझ्या हातात ते राहिलं नाही, उगाच कशाला आणखी बिघडवू." मोहिते कसनुसे हसले आणि पाण्याचा पेला सरकवत म्हणाले, "वय झालं, दुसरं काय."

मी काय म्हणालो असेन? "चालायचंच, मोहिते." आणि ताटाकडे बघत राहिलो. मला रडू येत होतं, आणि रडू येतंय हे कुणाला दिसू नये याचीच काळजी जास्त होती.

परतताना मेट्रोत वृंदा म्हणाली, "एवढी साधी माणसं, तुझ्याबद्दल किती भरभरून बोलत होती. आणि तू सारखा घड्याळ काय बघत होतास?" मी म्हणालो, डोकं दुखतंय.

आता सरळ लिहितो. काडतुसं खराब होती. ती मी निवडली होती, आणि ती खराब आहेत हे मला त्या रेंजवर उभं असताना माहीत होतं. मोहित्यांच्या कार्बाईनींत दोष नव्हता. मोहित्यांच्या कामात दोष नव्हता.

मोहिते खटावला आहेत, तब्येत ठीक आहे, माझ्याकडे त्यांचा नंबर आहे. दसऱ्या-दिवाळीला त्यांचा फोन न चुकता येतो. मग सांगत का नाही? आता सांगून काय उपयोग, उगाच म्हाताऱ्या माणसाला त्रास, झालं ते झालं — अशी कारणं मी विचारायचा अवकाश, लगेच सापडतात. त्यातलं एकही खरं नाही.

गेल्या दिवाळीला त्यांनी सांगितलं की गावातली भरती झालेली मुलं सुट्टीवर आली की त्यांना भेटायला येतात. मोहिते त्यांना माझी गोष्ट सांगतात, की अधिकारी असावा तर असा. बराच वेळ बोलत होते. मी त्यांना मध्ये थांबवलं नाही. मला ऐकायला बरं वाटत होतं.